मावशींचा नकाशा: अक्षरओळख नसलेल्या माणसाला मोबाइलवरचा नकाशा कसा शिकवावा

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना पहिल्यांदा मोबाइलवरचा नकाशा दाखवला, तेव्हा हॉस्पिटलच्या खुणेवर बोट ठेवून मी विचारलं, "हे काय असेल?" तांबडा गोल, आत पांढरा इंग्रजी एच. मावशींनी चष्मा सारखा करून नीट निरखलं. "शिडी," त्या म्हणाल्या. "रंगकाम चाललं असंल तिथं."

मी हसले नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. दोन उभे दांडे आणि मधे एक आडवा, म्हणजे एका पायरीची शिडीच की. आपण ज्याला खूण समजतो ते मुळात अक्षर आहे, हे आपल्याला वाचता येत असल्यामुळे लक्षातच येत नाही. पार्किंगचा पी, चौकशी केंद्राचा आय, एटीएम, सगळी तीच गत. जी खरोखर चित्रं आहेत तीही परकीच. खाणावळीसाठी काटा आणि सुरी, पोलिस ठाण्यासाठी काही नकाशांवर ढाल. ढाल बघून मावशींना कुस्तीचा फड आठवला, पोलिस नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या आसपास होती, बायकांची ७६ आणि नंदुरबार जिल्ह्याची ६४. त्यातही 'साक्षर' म्हणून मोजलेल्या पुष्कळांना सही येते, पाटी वाचता येत नाही. असं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल: आजी, वॉचमनकाका, शेतावरचा गडी. फोन त्यांच्याकडे आहे, नकाशाही फोनमध्ये आयता पडलेला आहे. तो त्यांच्या हाती कसा द्यायचा, ते इथे सांगते. मावशींनंतर त्यांच्या ओळखीच्या चौघीजणी शिकल्या, त्यामुळे माझ्या बऱ्याचशा चुका आता करून झाल्या आहेत.

आधी प्रकार आणि ठिकाण यांतला फरक

नकाशावरची ठरीव खूण प्रकार सांगते. इथे एक हॉस्पिटल आहे, इथे एक पेट्रोल पंप आहे. पण मावशींना 'एक हॉस्पिटल' कशाला हवं असेल? त्यांना पुण्यातलं ससून हवं असतं. 'एक सोसायटी' नको, नवं काम लागलेली ती गुलाबी भिंतीची सोसायटी हवी असते. न वाचणाऱ्या माणसाच्या कामाला येते ती ठिकाणाची खूण. ठरीव खुणांचा तक्ता पाठ करून घेणारे इथेच फसतात. मीही पहिल्या आठवड्यात तक्ताच केला होता, रंगीत प्रिंटसुद्धा काढली होती.

मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा लान्स वायमन या ग्राफिक डिझायनरनं तिच्या स्टेशनांसाठी वेगवेगळी चित्रं काढली. चापुल्तेपेक या नावाचा तिथल्या जुन्या भाषेतला अर्थ नाकतोड्याची टेकडी, म्हणून त्या स्टेशनाला नाकतोडा. नाव वाचता आलं नाही तरी नाकतोड्याला उतरायचं हे लक्षात राहतं. आपल्याकडे त्याच्याही आधी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह. तेव्हा देशात साक्षर माणसं शंभरात जेमतेम अठरा होती. मुंबईचे डबेवाले डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरं अशी जी खूण रंगवतात, तीही 'एक ऑफिस' असं सांगत नाही. ती हा डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा आणि कुठल्या इमारतीत न्यायचा, एवढंच सांगते. आणि ती खूण ज्यांना वापरायची त्यांनीच ठरवलेली आहे.

तेव्हा शिकवताना ठरीव खुणा पाच-सहाच घ्या. बाकी सगळ्या खुणा त्या माणसानं स्वतः ठरवू द्या.

पायरी १: नकाशा उघडूच नका

पहिला दिवस चहाचा. आठवड्यात कुठे कुठे जाणं होतं, ते विचारा. मग त्यातल्या एका ठिकाणी कसं जायचं, ते तुम्हाला सांगायला लावा. "मारुतीपासनं डावीकडं, गिरणीच्या बोळातनं, मग पंक्चरवाला." मारुती, गिरणी, पंक्चरवाला लिहून ठेवा. हा त्यांच्या डोक्यातला नकाशा आहे आणि तो तुमच्या फोनमधल्यापेक्षा बहुधा अचूक असतो.

याच गप्पांत आणखी दोन गोष्टी चाचपून घ्या. आकडे येतात का? अक्षर न येणाऱ्या पुष्कळ माणसांना आकडे छान येतात, कारण नोटा, बसचे नंबर आणि मोबाइलचे नंबर रोज हाताळावे लागतात. कुठले आकडे, तेही बघा. मुंबईत बेस्टच्या पाटीवरचा मराठी आकडा ओळखणारी बाई फोनवरच्या इंग्रजी 7 ला अडखळू शकते. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप कसं वापरतात? बहुतेकजणी नाव न वाचता फोटोवरून माणूस ओळखतात आणि बोलून निरोप पाठवतात. हे येत असेल तर अर्धं काम झालेलंच आहे.

बंगळुरूत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेधी यांनी नेमका हाच विषय घेतला होता: अक्षराविना चालणारा पडदा कसा असावा. घरकाम करणाऱ्या बायकांसोबत बसून त्यांनी तो घडवला. शब्द काढून चित्रं आणि सोबत आवाज, पण आकडे मात्र चालतात, हा त्यांच्या कामातला धडा आपल्याला सरळ उचलता येतो.

पायरी २: फोनची तयारी

हे तुम्ही एकट्यानं करा, त्यांना बसवून ठेवू नका. गूगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये ॲपची भाषा मराठी करा. वाचता येत नसताना मराठी कशाला? कारण वाटेत फोन पुढे करून त्या कुणाला तरी विचारणार आहेत, आणि रिक्षावाल्याला, दुकानदाराला मराठी वाचता येतं.

लोकेशन चालू ठेवा. नकाशाचं चिन्ह पहिल्याच पडद्यावर आणा आणि आजूबाजूची न लागणारी चिन्हं हलवा. डिस्प्लेचा आकार एक घर मोठा करा. शोधपट्टीतला माइक दाखवून ठेवा, त्यात "स्वारगेट" म्हटलं की स्वारगेट येतं.

नेट संपण्याचाही विचार आधीच करा. गूगलचा नकाशा डाउनलोड करून ठेवता येतो, पण नेट नसताना तो गाडीचा रस्ता सांगतो, पायी चालण्याचा नाही. आणि आपली माणसं तर पायीच जाणार! ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड ही ॲप नेटशिवाय पायवाटही दाखवतात. पण दोन्ही एकदम शिकवू नका. एकाच ॲपच्या खुणा डोक्यात बसायला पुरेसा वेळ लागतो.

पायरी ३: निळा ठिपका

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आम्ही चार संध्याकाळी दिल्या.

टेबलाशी बसून ही गोष्ट समजत नाही. बाहेर पडा. सुरुवातीला साधा नकाशा नको, उपग्रहाचं चित्र लावा. त्यात खरी छपरं, खरी झाडं, खरं मैदान दिसतं. मावशी दांडेकर पुलाजवळ राहतात. मी म्हटलं, "पर्वतीच्या टेकडीवर उभं राहून खाली बघितलं तर जे दिसेल, ते हे." त्यांनी आधी पर्वती शोधली, मग सारसबागेतलं तळं, मग आपल्या वस्तीचे पत्रे. पत्रे सापडल्यावर त्यांनी फोन माझ्या हातून काढूनच घेतला. त्यानंतर साध्या नकाशावर या आणि तेच तळं पुन्हा शोधायला सांगा.

आता ठिपका. "हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही." हे वाक्य ऐकून सगळेजण मान डोलावतात आणि कुणालाच पटलेलं नसतं. पटण्यासाठी पन्नास पावलं चाला, थांबा, बघा. परत फिरा, पुन्हा बघा. ठिपका आपल्यासोबत आला, हे तीन-चारदा दिसलं की विश्वास बसतो. मावशींनी चक्क गोल चक्कर मारून त्याची परीक्षा घेतली.

इथे हमखास येणाऱ्या अडचणी अशा. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं. ते मोठं असेल तर "फोनला नक्की माहीत नाही, इथंच कुठंतरी" असा अर्थ. दाटीच्या बोळात ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. घाबरायचं नाही, मोकळ्यावर येऊन मिनिटभर थांबायचं. ठिपक्यातून निघणारा झोत म्हणजे तोंड कुठे आहे ते. बॅटरीचा उजेड म्हटलं की लगेच कळतं. झोत पसरट किंवा उलटा दिसत असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवायचा.

आणि नकाशाचं फिरणं. दोन बोटं लागली की सगळा नकाशा वाकडा होतो आणि मघाची डावी बाजू वर जाते. वाचणाऱ्याला अक्षरं तिरकी दिसल्यानं ते कळतं, न वाचणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे कोपऱ्यातलं होकायंत्राचं छोटं चिन्ह दाबलं की नकाशा सरळ होतो, हे पहिल्याच दिवशी दहादा करून घ्या. मोठं-लहान करणं मात्र सोपं. चिमूट सोडली की मोठं, चिमूट घेतली की लहान.

पायरी ४: मोजक्या ठरीव खुणा

शहरात मी या घेते: बस, रेल्वे किंवा मेट्रो, हॉस्पिटल, पेट्रोल पंप, शौचालय. पेट्रोल पंप पायी जाणाऱ्याला कशाला, असं वाटेल. पण त्याचं चित्र सगळ्यांना पहिल्या फटक्यात ओळखू येतं, तो रस्त्यावर ठळक दिसतो आणि रात्रीही तिथे उजेड आणि माणसं असतात. दिशा पक्की करायला पंपासारखी दुसरी खूण नाही.

हॉस्पिटलचं दुखणं निराळं. आपल्याकडे गावात कुणालाही विचारा, तांबडी फुली म्हणजे दवाखाना. मग नकाशावर ती का नाही? कारण तांबडी फुली हे रेड क्रॉसचं बोधचिन्ह आहे. जिनिव्हा करारांनी त्याला संरक्षण आहे आणि आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं त्याच्या वाटेल तशा वापरावर बंदी आहे. कायद्याचं बरोबर, पण मावशींच्या वाट्याला शिडी आली. आता आमच्यात "शिडीचा दवाखाना" हाच शब्द रूढ आहे. अडतं का काही? एच हे अक्षर आहे, हे त्यांना कळण्याची गरज नाही, शिडी दिसली की दवाखाना एवढं पुरे.

शौचालयाच्या चित्रातली बाई झग्यात असते. लोकलच्या महिला डब्यावरची डोक्यावर पदर घेतलेली बाई ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिली, त्यांना ही झग्यातली बाई म्हणजे "लहान मुलगी" वाटते. आमच्यातल्या एकीनं ती शाळा समजली. रागावू नका, नोंद करा.

शिकवण्याची रीत अशी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एका बाजूला खूण काढा, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच भागातल्या त्या जागेचा फोटो चिकटवा. कार्ड दाखवून विचारायचं, "हे काय असेल?" "हा दवाखाना आहे ना?" असं विचारलंत तर उत्तर "हो"च येणार, तुमचा मान राखण्यासाठी. धोक्याच्या खुणांसाठीच्या एका अमेरिकी मानकात ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर सांगता यावा आणि भलताच घातक अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, अशी अट आहे. आपल्या पाच जणींत टक्केवारी काय काढणार, पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. "माहीत नाही" हे उत्तर चालेल, उलटा अर्थ चालणार नाही. जिचा उलटा अर्थ लागतो ती खूण सरळ गाळा.

'ठरीव' खूण सगळीकडे ठरलेली असते, असंही नाही. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिरासाठी स्वस्तिकासारखी खूण असते. पाश्चात्त्य पर्यटकांना ती बघून नाझी आठवतात म्हणून तिथे बराच खल झाला, आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारी नकाशा संस्थेनं परदेशी पाहुण्यांसाठी वेगळ्या खुणांचा संच काढला. मावशींना ती स्वस्तिकाची खूण दाखवली असती तर त्यांनी क्षणात "देऊळ" म्हटलं असतं.

रंगावर विसंबून मात्र शिकवू नका. गूगल मॅप्सनं २०२३ मध्ये रस्त्यांचा पिवळा-पांढरा रंग बदलून करडा केला. "पिवळ्या रस्त्यानं जा" असं शिकलेला माणूस अशा वेळी तोंडघशी पडतो. आकार धरून ठेवा, रंग नको.

पायरी ५: आपल्या खुणा

या पायरीत माणसं रमतात. गूगल मॅप्समध्ये ठिकाण जपून ठेवताना घर, बदाम, हिरवा झेंडा, पिवळा तारा अशी चित्रं मिळतात, स्वतःची यादी केली तर तिला इमोजीही देता येतो. ऑस्मअँडमध्ये आवडत्या ठिकाणाला चित्र आणि रंग दोन्ही निवडता येतात. घराला घर द्या. बाकीची चित्रं त्यांना निवडू द्या, आणि तुम्हाला विचित्र वाटली तरी बदलू नका. मावशींनी एका सोसायटीला कुत्रं लावलंय. का, ते मी विचारलं नाही, तिथे गेल्यावर कळलं.

पण याहूनही चांगली चालली ती व्हॉट्सॲपची युक्ती. तुमचा आणि त्यांचा दोघांचाच एक ग्रुप करा. त्याला एखादं ठळक चित्र लावा आणि तो वर टाचून ठेवा. आता प्रत्येक ठिकाणासाठी तीन गोष्टी याच क्रमानं पाठवा: जागेच्या दाराचा फोटो, मग लोकेशन, मग आवाजातला निरोप, "मावशी, ही गुलाबी भिंतीची सोसायटी, मागच्या दारानं यायचं." फोटो बघून ठिकाण ओळखायचं, त्याखालच्या नकाशावर बोट दाबायचं, ते ठिकाण नकाशात उघडतं. फोटो तिथे उभं राहून, चालणाऱ्याच्या नजरेतून काढा. जाहिरातीतला देखणा फोटो नको. गेट, गेटशेजारचं दुकान, विजेचा खांब हे सगळं त्यात आलं पाहिजे.

पायरी ६: निळी रेघ

रस्ता मागितल्यावर वर गाडी, दुचाकी, बस, चालणारा माणूस अशी चित्रं येतात. दरवेळी चालणाऱ्या माणसावर बोट ठेवायची सवय लावा, नाहीतर फोन उड्डाणपुलावरून पाठवेल. चालण्याचा रस्ता ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. मुंग्यांची रांग, हे नाव आमच्याकडे मावशींनीच दिलं.

आवाज पहिल्यांदा बहुधा "ईशान्येकडे जा" असलं काहीतरी म्हणतो. ते सोडून द्यायचं. वीस पावलं कुठल्याही बाजूला चालायचं, ठिपका मुंग्यांवरून सरकला तर बरोबर, बाजूला गेला तर उलट फिरायचं. उरलेल्या मिनिटांचा आकडा मात्र बघायला शिकवा. तो कमी होत असेल तर सगळं ठीक.

पहिली फेरी ओळखीच्या रस्त्याची करा, दुसरी ओळखीच्या ठिकाणी पण अनोळखी रस्त्यानं. नव्या ठिकाणी पहिल्यांदा जाताना तुम्ही वीस पावलं मागे राहा आणि तोंड बंद ठेवा. हे फार जड जातं.

चुकल्यावर

चुकणार, हे धरून चालायचं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास पाठवता येतं. एक तासाचं शिकवा, आणि ते घरातल्या किंवा अगदी खात्रीच्या माणसालाच पाठवायचं, हेही बजावा. ११२ हा तातडीच्या मदतीचा आकडा पाठ करून घ्या. पर्समध्ये घरचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड असू द्या, कारण बॅटरी नेमक्या वेळी मरते. आणि माणसाला विचारणं बंद करू नका म्हणावं. नकाशा असला तरी टपरीवाला टपरीवाला असतो.

गावाकडे

गावात उलटी अडचण असते, नकाशावर खुणाच नसतात. रेशनचं दुकान, गिरणी, अंगणवाडी, हातपंप, आठवडी बाजाराची जागा, काहीच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भूभागाच्या तपशीलवार सरकारी नकाशांवर, विहीर, झरा, देऊळ, मशीद सगळ्यांना खुणा असायच्या, पाणी असलेली नदी निळी आणि कोरडा ओढा काळा. फोनवर ते आपल्यालाच भरावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच भरलेला खुला नकाशा आहे, ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड तोच वापरतात. त्यावर खातं उघडलं की कुणालाही आपल्या गावातली ठिकाणं टाकता येतात, मराठी नावासाठी वेगळी जागाही असते. जाऊन पाहिलेलंच टाका. दुसऱ्या नकाशावरून उतरवून घ्यायचं नाही, तसा तिथला नियम आहे. सार्वजनिक जागा टाका, कुणाच्या घरावर त्याचं नाव नको. गावातल्या एखाद्या आजीला सोबत घेऊन फिरलात तर पाणवठा कुठला आणि नुसता खड्डा कुठला, हे एका फेरीत कळेल.

देखभाल

ॲप अपडेट झालं की चित्रं बदलतात, म्हणून दोन महिन्यांनी एकदा कार्डं घेऊन बसा. नवी ठिकाणं घाला, जुनी काढा. मागच्या वेळी मी मावशींच्या फोनमधल्या सोडलेल्या कामांच्या खुणा पुसायला लागले, तर कुत्र्याच्या खुणेवर त्यांनी माझा हात धरला.

"ते राहू द्या की. तिथला पगार यायचाय अजून."